दूरच्या पांखरासाठीं भिंग निवडतांना

गेल्या वार्षिक संमेलनाचे वेळीं आमच्या शाळेंतील निसर्ग-मंडळाच्या मुलांनीं काढलेल्या पक्ष्यांच्या छायाचित्रांचें एक लहानसें प्रदर्शन मांडलें होतें. तें पाहून गेल्यापासून एकच प्रश्न घेऊन आमच्याकडे येणाऱ्या पालकांची संख्या वाढली आहे. मुलगा कॅमेऱ्यासाठीं लांब पल्ल्याचें झूम भिंग मागतो. तें घ्यावें काय, आणि घ्यावयाचें तर कोणतें? एका गृहस्थांनीं तर आपल्या रिक्षाच्या हप्त्यांची वही सोबत आणिली होती. ते म्हणाले, "सर, पोरगं रोज तेंच बोलतंय. एवढे पैसे घालायचे म्हणजे माझी दोन वर्षांची शिल्लक गेली. जाऊं द्या म्हणा, पण वायां तर जाणार नाहीं ना?" या प्रश्नास शाळेच्या व्हरांड्यांत उभ्याउभ्या उत्तर देणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. त्यांस आम्हीं आठ दिवसांनीं पुन्हा येण्यास सांगितलें, आणि त्यांच्यासाठीं जी टिपणें काढिलीं, तींच थोडीं वाढवून येथें देत आहों.

उभ्याउभ्या उत्तर देण्याचें भय आम्हांस कां वाटतें, तें आधीं सांगितलें पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं निसर्ग-मंडळाच्या मुलांनीं आनंदमेळ्यांत भेळ व सरबत विकून दोन वर्षें पैसे सांठविले, आणि "सर, भिंग तुम्हीच पसंत करा" असें म्हणून ती रक्कम आमच्या हातीं दिली. आम्हीं एक वापरलेलें झूम भिंग पसंत केलें. त्याच्या नळीवर ५०० हा आंकडा होता, आणि खरें सांगावयाचें तर त्या आंकड्यापलीकडे आम्हीं कांहींच पाहिलें नाहीं. जानेवारींत मुलांस घेऊन आम्ही भिगवणला गेलों. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झाल्यावर त्याचें पाणी भिगवण, कुंभारगांव, डिकसळ या बाजूंस पसरलें, आणि तेथील उथळ पाण्यावर हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरूं लागले, हें आतां पुष्कळांस ठाऊक आहे. पहांटेच्या अंधुक उजेडांत होडी पाण्यांत लोटली, मुलांनीं तें जड भिंग आळीपाळीनें हातांत धरलें, आणि दोन तासांत सुमारें दोनशें चित्रें घेतलीं. घरीं येऊन पडद्यावर पाहतों तों त्यांत एकही रेखीव नाहीं! रोहितांच्या जागीं गुलाबी पुसट डाग तेवढे उमटले होते. त्याच होडींत एका मुलाजवळ कॅमेऱ्याबरोबर मिळालेलें, २५० पर्यंत जाणारें साधें भिंग होतें. त्यानें ऊन चढल्यावर काढलेलें नदी-सुरयाचें चित्र मात्र असें उतरलें होतें, कीं त्याची पिवळी चोंच स्वच्छ ओळखूं यावी. मुलांनीं आम्हांस बोल लाविला नाहीं. एका लहानग्यानें एवढेंच विचारलें, "सर, आंकडा मोठा असला कीं चित्र चांगलें येतें, असें तुम्हीच म्हणाला होतात ना?"

तेव्हां त्या आंकड्यापासूनच आरंभ करूं. इयत्ता दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत भिंगांचें प्रकरण आहे, व त्यांत नाभीय अंतराची व्याख्या दिलेली आहे. भिंगावरील आंकडा म्हणजे तेंच नाभीय अंतर, मिलिमीटरांत मोजलेलें. वस्तु पुष्कळ दूर असली म्हणजे तिच्या प्रतिमेची लांबी काढण्याची रीत सोपी आहे : वस्तूच्या लांबीस नाभीय अंतरानें गुणावें आणि वस्तु जितकी दूर असेल त्या अंतरानें भागावें. आपला लहान खंड्या चोंचीपासून शेंपटीपर्यंत सुमारें १७ सेंटिमीटर भरतो. तो ओढ्याच्या पलीकडे १५ मीटरांवर बसला आहे असें समजूं. ३०० च्या भिंगानें त्याची प्रतिमा ३.४ मिलिमीटर येते; ५०० च्या भिंगानें साडेपांचांहून थोडी अधिक; आणि ६०० च्या भिंगानें ६.८ मिलिमीटर. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यांतील संवेदक, म्हणजे जुन्या फिल्मच्या जागीं बसविलेला प्रकाश टिपणारा तुकडा, ३६ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे ६०० चें भिंग लावूनही आपला खंड्या चौकटीच्या रुंदीचा पांचवा हिस्साही भरीत नाहीं!

हें गणित मुलांनीं दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं एकदां वहींत करून पाहावें. त्यांतून जें कळतें तें कोणताही विक्रेता आपण होऊन सांगत नाहीं. ५०० वरून ६०० वर गेल्यानें प्रतिमा फक्त एक-पंचमांशानें वाढते. तेवढीच वाढ ५०० चें भिंग हातांत ठेवून अडीच मीटर पुढें सरकल्यानें होते, आणि त्यास पैसा पडत नाहीं. खंड्या १५ मीटरांऐवजीं साडेसात मीटरांवर येऊन बसला, तर भिंग कोणतेंही असो, प्रतिमा दुप्पट होते. तथापि याचा अर्थ लांब भिंग निरुपयोगी, असा मात्र कोणीं घेऊं नये. रोहित शंभर मीटरांच्या आंत येऊं देत नाहीं, व येऊं देत असला तरी आपण जाऊं नये. सव्वा मीटर उंचीचा रोहित शंभर मीटरांवरून ५०० च्या भिंगानें सव्वासहा मिलिमीटर उंच दिसतो, म्हणजे चौकटीच्या २४ मिलिमीटर उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढा. त्यांत भोंवतालचें पाणी, मागील थवा, सर्व कांहीं येतें, आणि चित्रही सुंदर होतें. २५० च्या भिंगानें तोच आठव्या हिश्श्यावर येतो, आणि मग तो रोहित आहे कीं दुसरा कोणी, हें पाहणारास सांगावें लागतें.

मोठ्या आंकड्याची आणखी एक अडचण आहे. हात लांब करून अंगठा डोळ्यासमोर धरावा. त्याची रुंदी सुमारें दोन अंश भरते. ६०० च्या भिंगांतून पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यास आडवें जें क्षेत्र दिसतें, तें साडेतीन अंशांहूनही किंचित् कमी, म्हणजे पावणेदोन अंगठ्यांएवढेंच असतें. आकाशांत गिरक्या घेणारी घार एवढ्याशा खिडकींत पकडून ठेवणें किती कठीण, हें ज्यानें करून पाहिलें त्यासच ठाऊक. झूमचा खरा उपयोग येथें होतो. आधीं २०० वर घार शोधावी, ती चौकटींत आली म्हणजे हळूहळू पुढें जावें. नवशिक्या मुलांस एकाच नाभीय अंतराचें भिंग न देतां झूम द्यावें, असें आम्ही म्हणतों तें मुख्यतः याचसाठीं.

'टेलिफोटो' या शब्दाचा अर्थ पुष्कळ जण 'दूरचें दाखविणारें' एवढाच घेतात. वस्तुतः ती रचनेची एक युक्ति आहे. पुढें प्रकाश एकवटणारा भिंगांचा गट व मागें प्रकाश पसरविणारा गट अशी जोडणी केली, म्हणजे ६०० मिलिमीटर नाभीय अंतरासाठीं नळी तेवढी लांब करावी लागत नाहीं. इंग्लंडांत थॉमस डॉलमेयर व जर्मनींत आडोल्फ मीटे यांनीं १८९१ सालीं स्वतंत्रपणें ही युक्ति प्रत्यक्षांत आणिली. तरी त्या काळचीं भिंगें व काचा इतक्या मंद होत्या, कीं रिचर्ड व चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंनीं पांखरांजवळ जाण्यासाठीं बैलाचें पोकळ कातडें उभें केलें व त्यांत कॅमेऱ्यासह लपून बसण्याचा मार्ग पत्करिला! लहान फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठीं झूम भिंग बाजारांत आलें तें १९५९ सालीं. तेव्हां आमच्या मुलांनीं आपल्या साधनांविषयीं कुरकुर करितांना त्या बैलाची आठवण ठेविली तर बरें.

संवेदकाविषयीं एक गैरसमज फार पसरला आहे, तो येथेंच दूर करूं. पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कॅमेऱ्यांतील संवेदक पूर्ण चौकटीहून दीडपट लहान असतो. विक्रेते म्हणतात, यावर ४०० चें भिंग ६०० होतें. भिंग कांहीं होत नाहीं; तें ४०० चेंच राहतें, व खंड्याची प्रतिमाही तेवढीच राहते. चौकट मात्र लहान झाल्यामुळें खंड्या तींत अधिक जागा व्यापतो, एवढेंच. खरा लाभ होतो तो त्या लहान तुकड्यावर प्रकाशबिंदू दाट बसविलेले असले तर. कारण मग त्याच प्रतिमेवर अधिक बिंदू पडतात, व पिसांतील बारकावे अधिक टिपले जातात. थोडक्यांत, लहान संवेदकाचा कॅमेरा पक्ष्यांच्या कामीं मुळींच कमी प्रतीचा नाहीं, आणि जुन्या कॅमेऱ्याबरोबर नवा कॅमेराही मागणाऱ्या मुलांच्या पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां दुसरा आंकडा. आम्हीं जो पाहिलाच नाहीं, तो हा. भिंगावर 'एफ' या अक्षराबरोबर ५.६, ६.३, ८ असे आंकडे असतात. नाभीय अंतरास पुढील छिद्राच्या व्यासानें भागलें म्हणजे हा आंकडा निघतो. ६०० चें भिंग एफ ६.३ चें करावयाचें तर छिद्राचा व्यास सुमारें ९५ मिलिमीटर ठेवावा लागतो. आणि म्हणूनच या जातीच्या बहुतेक भिंगांच्या तोंडावर बसणारी जाळी ९५ मिलिमीटरांची असते. (जाळी म्हणजे फिल्टर, आमच्या मुलांचा हा शब्द आहे.) तेंच ६०० चें भिंग एफ ४ चें करावयाचें तर व्यास १५० मिलिमीटर होतो, वजन तीन किलोग्रॅमांच्या आसपास जातें, आणि किंमत चारचाकी गाडीच्या किंमतीशीं स्पर्धा करूं लागते. त्या भिंगाची गोष्ट आपण येथेंच सोडूं.

एफचा आंकडा वाढला कीं आंत येणारा प्रकाश घटतो, आणि तो वर्गाच्या प्रमाणांत घटतो. एफ ८ चें छिद्र एफ ५.६ च्या मानानें निम्माच प्रकाश आंत घेतें. याचा परिणाम पाहूं. भर उन्हांत, संवेदनांक १०० ठेवून, एफ १६ वर सेकंदाचा शंभरावा भाग शटर उघडें ठेविलें कीं चित्र ठीक उतरतें, हा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे. त्यावरून संवेदनांक ४०० असतां एफ ५.६ वर शटर १/३२०० सेकंद व एफ ८ वर १/१६०० सेकंद येतें. दुपारच्या उन्हांत दोन्ही भिंगें सारखींच चालतील. परंतु पांखरें भर दुपारीं कोठें असतात? तीं झाडींत दडून बसतात. त्यांची खरी वेळ सूर्योदयाच्या आगेंमागें, आणि त्या वेळीं उजेड उन्हाच्या सोळाव्या हिश्श्याएवढाही नसतो. सोळावा हिस्सा धरला तरी एफ ५.६ वर शटर १/२०० वर येतें आणि एफ ८ वर १/१०० वर. उडणाऱ्या पांखराचे पंख स्थिर टिपावयाचे तर १/२००० च्या आसपास शटर लागतें. मग संवेदनांक वाढविण्यावांचून गति नाहीं : एका भिंगास ४००० पर्यंत, दुसऱ्यास ८००० पर्यंत, आणि संवेदनांक जितका अधिक, तितका चित्रांत रवाळपणा अधिक. भिगवणला आम्हीं रवाळपणाच्या भयानें मुलांस संवेदनांक ४०० च्या वर जाऊं दिलें नाहीं! रवाळ चित्र तरी पांखराचें असतें, हलकें आहे तें कशाचेंच नसतें, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. नवे कॅमेरे व चित्र स्वच्छ करणाऱ्या नव्या आज्ञावल्या रवाळपणा पुष्कळ कमी करितात, त्यामुळें एफ ८ चें भिंग पूर्वींइतकें त्याज्य राहिलेलें नाहीं. तरी पहांटेचा प्रकाश कोणतीही आज्ञावली नव्यानें निर्माण करूं शकत नाहीं.

हात हलल्यानें चित्र बिघडतें, त्याविषयीं थोडेंच सांगतों. पूर्ण चौकटीवर ५०० च्या भिंगास निदान १/५०० सेकंद शटर असावें, लहान संवेदकावर त्याहूनही जलद, असा जुना नियम आहे. आतांच्या भिंगांत हाताचा कंप शोषून घेणारी योजना असते. ती असलेलेंच भिंग घ्यावें. मात्र ती आपला हात स्थिर करते, पांखरास नव्हे. डोकें हलविणारा धोबी पक्षी १/१०० सेकंदांत ती असतांनाही फिसकटणारच. शिवाय एकपायी दांडी किंवा तांदळानें अर्धी भरलेली कापडी पिशवी सोबत ठेविली तर होडींतही व भिंतीवरही मोठा आधार होतो. आमचें निसर्ग-मंडळ ही पिशवी घरच्या जुन्या विजारीच्या पायापासून शिवून घेतें.

ज्या गोष्टीवर कोणतेंही भिंग उपाय करूं शकत नाहीं ती म्हणजे मधली हवा. दहा वाजून गेल्यावर तापलेल्या माळावरून अथवा पाण्यावरून उष्ण हवेचे झोत वर उठतात. उष्ण व थंड हवेंतून प्रकाश निरनिराळ्या प्रमाणांत वळतो, म्हणून दूरची वस्तु थरथरतांना दिसते. कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीच्या अभयारण्यांत आम्हांस याचा चांगला अनुभव आला. तेथील काळवीट माळावर उघडे दिसतात, अंतर दीडशें मीटर असलें तरी भिंगांतून स्पष्ट वाटतात, आणि चित्र मात्र जणूं ओल्या कांचेंतून काढलेलें येतें. मुलांस वाटलें, भिंग बिघडलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सात वाजतां त्याच भिंगानें त्याच जागेवरून शिंगांचे पीळ मोजतां आले. जो म्हणतो, "मला ८०० चें भिंग मिळालें असतें तर!" त्यास आम्ही ही गोष्ट सांगतों; कारण लांब भिंग त्या थरथरीसही तेवढेंच मोठें करून दाखवितें.

आतां प्रत्यक्ष भिंगांकडे वळूं. घरांत कोणता कॅमेरा आहे, हा पहिला प्रश्न. प्रत्येक कंपनीची भिंग बसविण्याची खोबण निराळी असते, आणि एकीचें भिंग दुसरीवर बसत नाहीं. बसविण्याचीं कडीं मिळतात, पण सर्वच नीट चालतात असें नाहीं. जुन्या, आरशाच्या निकॉन कॅमेऱ्यासाठीं २०१५ सालीं निघालेलें २००-५०० चें भिंग आम्हांस अजूनही फार मोलाचें वाटतें. तें सर्व पल्ल्यांवर एफ ५.६ चेंच राहतें, व कंपनीच्या कड्यानें नव्या, बिनआरशाच्या कॅमेऱ्यावरही चालतें. त्याचा दोष वजन : तिकाटण्याच्या कड्यासह २.३ किलोग्रॅम. सिग्मा व टॅमरॉन या कंपन्यांचीं १५०-६०० चीं भिंगें दोन किलोग्रॅमांच्या आसपास भरतात व शेवटीं एफ ६.३ होतात. सिग्माचें त्याच पल्ल्याचें 'स्पोर्ट' नांवाचें, आरशाच्या कॅमेऱ्यांसाठीं केलेलें भिंग मात्र २.८६ किलोग्रॅम आहे. तें मुलांच्या खांद्यावर देऊं नये. सोनीचें २००-६०० हें २०१९ सालचें आणि निकॉनचें १८०-६०० हें २०२३ सालचें, हीं दोन्ही दोन किलोग्रॅमांच्या आगेंमागें आहेत, आणि दोहोंतही झूम करितांना नळी बाहेर येत नाहीं. त्यामुळें तोल ढळत नाहीं, व बाहेर-आंत होणाऱ्या नळीबरोबर धूळ आंत ओढली जाण्याचें भयही कमी होतें. भिंग उत्तम, पण किंमत स्कूटरहून अधिक.

कॅननच्या नव्या कॅमेऱ्यांसाठीं २०२० सालीं आलेलें १००-५०० चें भिंग सुमारें १.४ किलोग्रॅम इतकें हलकें आहे, मात्र शेवटीं एफ ७.१ होतें, व त्याची किंमत या सर्वांत अधिक. त्याच कंपनीचें २०२१ सालचें १००-४०० चें भिंग एफ ८ पर्यंत मंद होत असलें तरी त्याचें वजन फक्त ६३५ ग्रॅम आहे! पाण्याची बाटली व डबा घेऊन एस्टीनें प्रवास करणाऱ्या आणि चार-पांच किलोमीटर चालणाऱ्या मुलास, त्याच्याजवळ त्या खोबणीचा कॅमेरा असेल तर, आम्ही हेंच सुचवूं. पहांटेचीं कांहीं चित्रें हातचीं जातील; पण जें भिंग जड म्हणून घरीं राहतें, त्याचीं सर्वच चित्रें हातचीं जातात. २०२३ सालीं आलेलें २००-८०० चें भिंग आंकड्यानें मुलांस फार मोहविते असें दिसतें. तें शेवटीं एफ ९ होतें, म्हणजे एफ ५.६ च्या मानानें अडीचपटींहून अधिक प्रकाश गमावतें. ज्यास हवा, उजेड आणि अंतर यांचा अंदाज आलेला आहे त्याच्या हातीं तें शोभेल. पहिलें भिंग म्हणून नव्हे.

फुलपांखरें व चतुर यांची आवड असलेल्या मुलांनीं आणखी एक आंकडा पाहावा, तो म्हणजे किती जवळची वस्तु भिंगास स्पष्ट दिसते हा. निकॉनच्या २००-५०० ला २.२ मीटर दूर राहावें लागतें. कॅननचें १००-४०० एका मीटराच्या आंतही चालतें.

दुकानांत गेल्यावर आपलाच कॅमेरा लावून, सर्वांत लांब पल्ल्यावर व सर्वांत मोठ्या छिद्रावर, दूरच्या एखाद्या पाटीवरील अक्षरांचीं दहा-बारा चित्रें घ्यावींत. चारही कोपरे पाहावे; एकच कोपरा धूसर येत असेल तर भिंगांतील एखादी कांच सरकलेली समजावी. पक्षी चौकटींत धरून ठेवण्याची यंत्रणा किती चपळ आहे, तें दुकानासमोरच्या तारेवरील कबुतरांवरही कळतें. वापरलेलें भिंग घेण्यांत कमीपणा नाहीं, परंतु तें विजेरीच्या उजेडांत दोन्ही बाजूंनीं पाहावें. आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतु दिसले तर ती बुरशी होय. कोंकणांत व मुंबईंत पावसाळा काढलेल्या भिंगांत ती फार आढळते, आणि वाढली कीं कांचेवरील लेप खाते. आमच्या मंडळाच्या त्या ५०० च्या भिंगाचा अंत असाच झाला. आम्हीं तें कातडी पिशवींत घालून कपाटांत ठेविलें, व जून ते सप्टेंबर उघडून पाहिलें नाहीं.

पांखराच्या किती जवळ जावें, हाही भिंगाच्याच निवडीचा भाग आहे. कारण लांब भिंग नसलें कीं मूल पुढें सरकतें. भिगवणला पाहुण्यांस उडता थवा टिपतां यावा म्हणून होडी मुद्दाम रोहितांच्या घोळक्यांत घालतांना आम्हीं एकदां पाहिलें आहे. थवा उडाला, कॅमेरे खडखडले, आणि पांखरें चरणें सोडून पाऊण मैल दूर जाऊन बसलीं. आमच्या मुलांस ताकीद आहे, कीं होडीवाल्या मामांस आधींच सांगावें : थव्यापासून लांबच थांबा, इंजिन बंद करा, उडाले नाहींत तरी आमचे पैसे तेवढेच. घरट्याचें चित्र आमच्या प्रदर्शनांत घेतलें जात नाहीं. घरट्यासमोरची एक फांदी बाजूस केली कीं कावळ्यास वाट मोकळी होते, आणि उन्हांत पिलें तापतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें भय दाखवावें लागूं नये, इतपत हें मुलांस समजतें. उलट, एका जागीं पोटावर पडून अर्धा तास निश्चल राहिल्यास तुतवारासारखें पांखरूं आपण होऊन सहा-सात मीटरांवर येतें. तेव्हां वरील गणितांतील भागाकार आपल्या बाजूचा होतो.

आठ दिवसांनीं ते रिक्षावाले गृहस्थ मुलास घेऊन आले. आम्हीं त्यांस विकत घेऊं नका असेंही सांगितलें नाहीं, घ्या असेंही नाहीं. पुण्यामुंबईंत भिंगें दिवसाच्या भाड्यानें मिळतात. मुलाजवळ काकांनीं दिलेला जुना, लहान संवेदकाचा कॅमेरा होता. त्यास बसणारें २००-५०० चें भिंग दोन शनिवार-रविवार भाड्यानें आणावें, आणि प्रत्येक चित्रासमोर पल्ला, अंदाजें अंतर, शटर व चित्र टिकलें कीं नाहीं हें वहींत लिहावें, असें ठरलें. निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरचें पाणपक्ष्यांचें ठिकाण आहे. २०२० सालीं तें रामसर यादींत गेलें. तेथील निरीक्षण-मनोऱ्यावर पहिल्या खेपेस मुलाचे दंड भरून आले, व बहुतेक चित्रें हलकीं आलीं. दुसऱ्या खेपेस त्यानें तांदळाची पिशवी नेली. वहींत टिकलेलीं चित्रें एकूण ४१ निघालीं, आणि त्यांतील ३० चित्रें ४०० च्या पुढील पल्ल्यावर होतीं. आमचा अंदाज असा होता, कीं त्यास ३०० चें हलकें भिंग पुरेल. वहीनें तो खोटा पाडिला.

वडिलांनीं ती वही आपल्या हप्त्यांच्या वहीशेजारीं ठेवून बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "पोराचा हिशेब तरी सरळ आहे, सर." नवें न घेतां त्यांनीं वापरलेलें भिंग घेण्याचें ठरविलें, विजेरी घेऊन आम्हीही बरोबर गेलों. पहिल्या दुकानांतील भिंगांत कडेला तंतु दिसले, तें परत केलें. तिसऱ्या ठिकाणीं निर्मळ मिळालें, व शिल्लक निम्म्याहून थोडी अधिकच खर्चीं पडली. घरीं कपाट नाहीं, म्हणून पिठाचा एक घट्ट झांकणाचा डबा रिकामा करून त्यांत सिलिका जेलच्या पुड्या घातल्या आहेत. दाणे निळे असले म्हणजे कोरडें आणि गुलाबी झाले म्हणजे दमट, हें मुलाच्या आईनें एकदांच ऐकून घेतलें. पावसाळ्यांत दर रविवारीं ते दाणे तव्यावर मंद आंचेवर पुन्हा निळे करण्याचें काम तिनें आपल्याकडे घेतलें आहे. त्यासाठीं एक जुना तवा तिनें निराळा काढून ठेविला असून त्यावर भाकरी भाजूं देत नाहीं.